काळजीचं इंग्रजी

आमच्या नळावर वहिनीने दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं, ‘इंटरमिटंट’. नळाला पाणी यायचं, जायचं, मनात आलं तर परत यायचं, म्हणून. डुगडुगणाऱ्या स्टुलाला ‘प्रिकेरियस’ मिळालं आणि माझ्या जुनाट स्कूटरला ‘ऑब्सोलीट’. एकदा दुकानात गिऱ्हाईक माझ्या पाठीमागे उभं राहून हसायला लागलं, तेव्हा कळलं की माझ्या शर्टावरही पट्टी आहे, ‘गॅर्युलस’. अर्थ विचारला तर वहिनी म्हणाली, ज्याच्या तोंडाचा पट्टा बंद होत नाही तो. मी पंपांच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस. दिवसभर तारांशी डोकं लावून घरी चार शब्द बोललो तर काय बिघडलं? पण पट्टी मी काढली नाही, कारण वहिनीचं काय पणाला लागलंय ते मला माहीत होतं.

दादा परदेशात वेल्डिंग करतो. लग्नानंतर लगेच गेला. वर्षातून एकदा येतो आणि बॅग पुरती रिकामी होते न होते तोच परत निघतो. वहिनी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. दादाच्या तिकडच्या गावातलं एक हॉस्पिटल तिला घ्यायला तयार होतं, फक्त इंग्रजीची परीक्षा पास व्हायची होती. लिहिण्या-वाचण्यात ती निघायची, बोलण्यात अडकायची. दोनदा अडकली. यापुढे एकदाच थांबू, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं हॉस्पिटलने स्पष्ट कळवलं होतं.

बोलण्याच्या परीक्षेत समोरचा परीक्षक पेशंटचा नातेवाईक होतो आणि सिस्टरने त्याला धीर द्यायचा असतो. पहिल्या वेळी वहिनीने रोजचंच वाक्य घेतलं. ‘काळजी करू नका, आम्ही काळजी घेऊ.’ आपल्याकडे दोन्हीकडे काळजीच. तिने घाईत त्याचं इंग्रजी केलं ते असं, की तुम्ही ‘वरी’ घेऊ नका, तुमची ‘वरी’ मी घेते. परीक्षक नुसता बघत राहिला. ऐकून मी आणि आई पोट धरून हसलो. वहिनी हसली नाही.

दुसऱ्या वेळी तिने जड शब्दांची पोतीच नेली. बिचाऱ्या नातेवाइकाला म्हणाली, युवर अ‍ॅप्रिहेन्शन इज कॉम्प्रिहेन्सिबल, म्हणजे तुमची धास्ती समजण्याजोगी आहे. नमनालाच घडाभर तेल. धीर द्यायच्या आत वेळ संपली.

त्यानंतर घरात पट्ट्या आल्या. पाठ केलेला शब्द ऐन वेळी तोंड फिरवतो, असं तिचं म्हणणं पडलं. आधी तो कुठे राहतो ते बघायचं. हे खूळ वाटलं मला, पण बघता बघता माझीच मती गुंग झाली. काळजीचीच केवढी नावं त्या भाषेत! पोटात गोळा येतो ती वेगळी, मनात कुरतडत राहते ती वेगळी, दुसऱ्याच्या भल्याची असते ती आणखी वेगळी. ड्यूटीवरून आली की चहा पिता पिता ती मला सांगायची, आज कोणती कुणाच्या चेहऱ्यावर दिसली. मी मोटारीचा आवाज ऐकून आतला बिघाड सांगतो, पण माणसाच्या चेहऱ्यावर इतकं वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

एका शब्दाला मात्र घर मिळेना. ‘एन्ट्रस्ट’. सोपवणं, हे माहीत होतं. पण कुठे लावणार? कपाटावर लावला, काढला. आईच्या औषधांच्या डब्यावर लावला, तिथूनही काढला.

मग एका सकाळी ती आली ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, ‘भाऊजी, सापडला.’

थिएटरच्या दारात एका म्हातारीला आत नेत होते. तिच्या मुलीने आईचा चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या आणि वहिनीच्या हातात दिला. चष्मा दिला तरी हात काही क्षण तसाच पुढे राहिला. ‘तो हात म्हणजे एन्ट्रस्ट,’ वहिनी म्हणाली. एवढा मोठा शब्द, आणि तो एका पुढे राहिलेल्या हातात मावला होता.

तिसऱ्या परीक्षेचं तिने घरी येऊन सांगितलं ते असं. परीक्षक बाई या वेळी पेशंटची मुलगी झाल्या होत्या. आईचं ऑपरेशन आहे, मला भीती वाटते, म्हणाल्या. वहिनीने सगळी पोती बाहेर ठेवली. सावकाश इंग्रजीत म्हणाली, ‘माझ्या भाषेत वरी आणि केअर या दोन्हींना एकच शब्द आहे. या दारापर्यंत तो तुम्ही आणलात. आता तो माझ्याकडे सोपवा, एन्ट्रस्ट इट टु मी. दाराच्या आत तो मी सांभाळेन.’

बाई पुढचं वाक्य विसरल्या. समोरच्या कागदात शोधलं, मग म्हणाल्या, थँक यू, सिस्टर. ते कागदात लिहिलेलं नव्हतं, असं वहिनीला वाटलं. मला तर खात्रीच आहे. ज्या वाक्याला आम्ही घरभर हसलो होतो, तेच वहिनीने एवढ्या उंचीवर नेऊन ठेवलं. माझ्या तोंडाचा पट्टा त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडला.

निकाल आला तेव्हा आम्ही तिघं जेवत होतो. पास. आई उठून देवापाशी जाण्याऐवजी गोंधळून स्वयंपाकघरातच फिरत राहिली. मी म्हणालो, दादाला सांग, चांगलं इंग्रजीत सांग, त्यालाही कळू दे काय बायको मिळाली आहे. तिने खरकट्या हातानेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दादा कामावर होता, मागे लोखंडाचे आवाज येत होते. काय झालं, काय झालं, म्हणून तो घाबरून विचारायला लागला.

वहिनी म्हणाली, ‘अहो, तुमच्या खोलीत खुर्ची एकच आहे ना? दुसरी आणून ठेवा.’

मागचे लोखंडाचे आवाज चालूच राहिले. दादा मात्र रडत होता, आणि ते आम्हा तिघांनाही ऐकू येत होतं.