आईचा परदेश, जामखेडच्या पुढे

माझ्या आईने आयुष्यात करायची म्हणून सात कामं ठरवली होती आणि त्यातली सहा उरकली होती. वाचायला शिकून झालं, मला मॅट्रिक करून झालं, समुद्र बघून झाला (“मीठ टाकलंय खरं कुनीतरी”), पेटीवर एक अख्खं गीत वाजवून झालं. सर्कस नगरला आली तेव्हा हत्तीला हात लावून झाला. हत्तीने हरकत घेतली नाही. आगगाडीत खिडकीपाशी बसायचं होतं, तेही झालं. राहिलं होतं ते परदेश बघणं.

ही कामं तिची खाजगी असती तर मला एवढा त्रास नव्हता. पण आई बायबल-बाई, आयुष्यभर तिसगावच्या बाजूला गावोगाव हिंडून शुभवर्तमान सांगितलेली. आमच्या चर्चमध्ये वर्षाच्या पहिल्या दिवशी ज्याला वाटेल तो उभा राहून साक्ष देतो. देवाने सरत्या वर्षात काय केलं ते लोक सांगतात. आई आपली कामं किती झाली ते सांगते. त्यामुळे सगळ्या मंडळीला तिचा हिशेब पाठ. बाजारात भाजी घेताना लोक मला विचारतात, “काय सुशीलाबाई, परदेशाचं कुठवर आलं?”

गेल्या वर्षी प्रकरण गळ्याशी आलं. आईचा एक डोळा मागेच एका वैदूने सुई घालून कायमचा मिटवला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, थंडीत काढून टाकू, फार थांबू नका. आई म्हणाली, “आदी परदेश, मग डोळा. डोळा बिघडला तर परदेश कशानं बघू?” मी, डॉक्टर, पाळकसाहेब, सगळ्यांनी समजावलं. ती “व्हय, व्हय” म्हणायची आणि पुन्हा तिथेच. मी शाळेत मुलींना गणित शिकवते, तेव्हा हे गणित दुसऱ्या बाजूने सोडवायला घेतलं.

विलायतेला जाणं आमच्या ऐपतीबाहेरचं. बरं, जर्मनी-जपानची लढाई नुकतीच संपलेली, तेव्हा ऐपत असती तरी बोट मिळाली नसती. मग मला मोगलाई आठवली. निजामसरकारचं राज्य वेगळं, निशाण वेगळं, नाणं वेगळं, कचेरीची भाषा वेगळी. हद्दीवर करोडगिरीचा नाका, तिथे जकात घेतात. परदेशाला आणखी काय लागतं? शिवाय जामखेडपासून बैलगाडीच्या वाटेवर सौताड्याचा धबधबा आहे, म्हणजे बघायलाही काहीतरी होतं. आईने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, “नाका हाय ना? मग चालंल.”

तुम्ही जाणार असाल तर रस्त्याचं सांगून ठेवते. नगरहून जामखेडला जवळचा रस्ता कडा-आष्टीवरून. पण तो मधेच मोगलाईतून जातो. त्या वाटेने गेलो असतो तर आई डुलक्या घेत घेतच परदेशात पोचली असती आणि मग मोजायचं कसं यावरून वाद झाला असता. म्हणून आम्ही मिरजगाव, कर्जत असा लांबचा फेरा घेतला. दिवाळीच्या सुटीत निघालो. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी अजून कोळशाच्या गॅसवरच चालतात. भट्टी मागे असते, तेव्हा मागच्या बाकावर बसू नये, आम्ही बसलो. चढ आला की ड्रायव्हर नम्रपणे सांगतो, “मंडळी, जरा उतरता का?” कर्जतपर्यंत आम्ही बरंचसं अंतर मोटारीच्या शेजारून चाललो. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण घेतात. कर्जतला गुळाचा चहा मिळाला, बरा होता. भाकरी आपली बांधून न्यावी.

रात्री जामखेडला आमच्या ओळखीच्या एका मास्तरांकडे उतरलो. त्यांच्या बायकोने मटकीची उसळ आणि भाकरी वाढली, आणि आईला कुठे निघालात विचारलं. आई म्हणाली, “परदेशी.” त्या बाईंनी आणखी एक भाकरी वाढली.

सकाळी भानुदास नावाचा गाडीवान ठरवला. बैल चांगले होते, भानुदास बोलका होता. सौताड्याची वाट डोंगराच्या अंगाने जाते. दोन्ही बाजूंना सीताफळीची झाडं, फळं डोळा उघडून तयार. आई गाडीत ताठ बसली होती, धुवट नऊवारी, डोक्यावरून पदर, मांडीवर गाठोडं.

नाका म्हणजे एक खोपट, आडवा पाडायचा एक बांबू आणि एक शिपाई. बांबू उभाच होता. शिपायाने गाडीत दोन बायका बघितल्या आणि हात हलवला, “जावा, जावा.”

आई म्हणाली, “थांबव गाडी.”

ती उतरली. आवाजाचा अंदाज घेत शिपायाकडे गेली आणि गाठोडं त्याच्यापुढे धरलं. “तपासा.”

“काय तपासू मावशी? जावा की.”

“परदेशात तपासत्यात. न तपासता कसं सोडता वो?”

“जकातीचा माल हाय का काही?”

“ते मी कसं सांगू? तुमीच बघायचं.”

मी मध्ये पडायला गेले, तर तिने मला हाताने मागे सारलं. शिपायाने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. भानुदास म्हणाला, “बगा की हवालदार, म्हातारं मानूस हाय.” शिपाई त्यावर थोडा सुखावला, कारण तो हवालदार नव्हता. त्याने पागोटं सारखं केलं, बांबू आडवा पाडला, गाठोडं सोडलं. भाकरी निघाली, शेंगदाण्याची चटणी निघाली, मोठ्या अक्षरातला नवा करार निघाला. मग एक लहान बाटली.

“हे काय हाय?”

“डोळ्याचं औशद.”

त्याने बाटली उन्हात धरली, मग आईच्या डोळ्याकडे बघितलं. तो हसेल अशी मला भीती होती, पण तो हसला नाही. खणखणीत आवाजात त्याने नाव विचारलं, गाव विचारलं, येण्याचं काम विचारलं.

“परदेश बघायला आले.”

“ठीक हाय. बगा,” असं म्हणून त्याने गाठोडं स्वतः बांधून दिलं आणि बांबू वर केला. आई चालत हद्द ओलांडून गेली. माझा जीव भांड्यात पडला. निम्मं काम झालं होतं.

सौताड्याला पाणी वरून खोल दरीत पडतं. खाली उतरायला वाट आहे, पण ती आईसारख्यांना नाही. आम्ही वरच, कडेपासून बऱ्यापैकी अलीकडे एका खडकावर बसलो. आवाज मोठा होता. आई तोंड उचलून बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता म्हणेल, मग म्हणेल.

“दिसतंय का गं आई?”

“पांढरं दिसतंय.”

“तोच धबधबा.”

“डावीकडं काय हाय?”

“डोंगर.”

“त्यो बी पांढराच हाय. तू बी पांढरीच हायस.” “एवढं तर घरी बसून बी दिसत हुतं, सुशे.”

भानुदासने समजूत घालायचा प्रयत्न केला. “आल्या तर हायसा की आजी. आवाज ऐकला, तुशार अंगावर आलं. मोजून टाका.”

“साक्ष द्यायची हाय मला, बाबा. उभी ऱ्हाऊन काय सांगू? वल्ली झाले म्हनून?”

मी चिडले. खोटं कशाला सांगू? भट्टीशेजारी बसून माझा घसा बसला होता, अर्धा तालुका मी पायी चालले होते, आणि डॉक्टरांनी दिलेला दिवस पुढच्या आठवड्यावर आला होता. मी म्हटलं, “हे मोजायचं नसेल तर दुसरा परदेश माझ्याकडे नाही. तो डोळा गेला ना, मग बस आयुष्यभर सात-सात करत.” एवढं बोलले आणि मलाच रडू येईल असं वाटायला लागलं, म्हणून वाटेत तोडलेलं सीताफळ फोडून तिच्या हातात दिलं.

आईने सीताफळ सावकाश खाल्लं. बिया एकेक करून पदरात जमवल्या. मग म्हणाली, “हे बघितल्याबिगर मोजता यायचं न्हाई.”

“मग?”

“मग आदी डोळा करून घिऊ. डागदरला सांग, यिती म्हनावं.”

दोन महिने मी, डॉक्टर आणि पाळकसाहेब हेच सांगत होतो. पुन्हा मत बदलायच्या आत भानुदासला बैल जुंपायला सांगितलं.

परतताना शिपायाने बांबू आधीच पाडून ठेवला होता. “बगितला का मावशी परदेश?”

“न्हाई. डोळा करून पुन्यांदा येते.”

“या. नाका कुटं पळून चाललाय?” तो म्हणाला. गाडीत भरलेल्या सीताफळांकडे त्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

नगरला आल्यावर ठरल्या दिवशी डोळा झाला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवतात. हलायचं नाही, बोलायचं नाही. हलण्यापुरतं आईने ऐकलं. नाताळच्या आधी जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

“केस कवा पिकलं गं तुझं?”

“झाली चार-पाच वर्षं.”

“बोलली न्हाईस.”

“तू विचारलं नाहीस.”

ती उठली, तेलाची वाटी आणली आणि मला पुढ्यात बसवून घेतलं. मी पंचेचाळिशीची बाई, हातात तपासायच्या वह्या होत्या. बसले.

वर्षाच्या पहिल्या दिवशी चर्च भरलेलं होतं. दोघा-तिघांच्या साक्षी झाल्यावर आई उठली. चष्म्यामुळे तिला आता सगळी मंडळी दिसत होती, आणि तिने एकेकाकडे नीट बघून घेतलं.

“सलाम मंडळी. सातापैकी सहाच झाली,” ती म्हणाली. लोक हळहळले. “सुशीनं मला मोगलाईत नेलं. लई हाल काढून नेलं. पन मला काय दिसलं न्हाई. आन तिनं बी काय बघितलं न्हाई. येवढा मोठा धबधबा पडत हुता आन ही सारा वेळ माझ्या तोंडाकडं बघत बसली हुती. डोळं नव्हतं मला, पन तेवढं कळत हुतं. तवा सातवं काम आता दोघींचं हाय. औंदा मी नेनार तिला. म्या जित्ती हाय तवर तिनं माझ्या तोंडाबिगर दुसरं कायतरी बघावं.”

धबधबा किती उंच आहे, पाणी किती धारांनी पडतं, हे मला बरेच जण विचारतात. प्रवासाबद्दल लिहायला बसलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं, कबूल आहे. मला सांगता येत नाही. त्या दिवशी साक्ष संपवून आई बसली आणि गीत सुरू झालं, तेव्हा मी रडत होते. हे लपवून उपयोग नाही. सगळ्या मंडळीने बघितलं आणि आता आईलाही दिसतं.