पेशी धुणारी बाई

प्रयोगशाळेत सगळे तिला धुलाईताई म्हणत. अठरा वर्षं तिचं काम एकच. माणसाच्या कातडीतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन त्यांना खाऊपिऊ घालायचं, आणि महिन्याभरात त्यांनी स्वतःभोवती पातळ जाळी विणली की पेशी धुऊन टाकायच्या, कारण परक्या पेशी रुग्णाच्या अंगाला चालत नाहीत, नि जाळी तेवढी ठेवायची. ही जाळी जखमेवर लावली की रुग्णाच्या स्वतःच्या पेशी तिच्यात येऊन बसतील आणि नवी कातडी धरेल, अशी सगळ्यांची आशा.

एकदा तिने हे आईला समजावलं. आई म्हणाली, “म्हणजे त्यांच्याकडून घर बांधून घेता आणि त्यांनाच हाकलता? शिकल्यासवरल्या माणसांना शोभतं का गं हे?”

मग नवे सर आले. पदव्या मोठ्या, आवाज त्याहून मोठा. पंधरा दिवसांत पाहुणे काम बघायला येणार म्हणून त्यांनी फर्मान काढलं, “सौम्य साबण बंद. कडक वापरा. जुनी एक पेशी मागे राहता कामा नये.”

“सर, जाळी नाजूक असते हो.”

“ताई, तुम्ही धुवा. विचार करायला मी आहे.”

तिने धुतलं. पण बारा बशांपैकी चार गुपचूप आपल्या पद्धतीने धुतल्या, सौम्य साबणाने, बेताबेताने, आणि झाकणांवर निळ्या शाईचा ठिपका दिला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच हुकूम मोडला होता. दुपारी डबा उघडला तसाच बंद केला.

सगळ्या जाळ्यांवर नव्या पेशी सोडल्या. चौथ्या दिवशी सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. त्यांच्या आठ जाळ्या चकचकीत स्वच्छ, पण नव्या पेशी अंग आखडून वर तरंगत होत्या. उरलेल्या चारांत मात्र त्या सासुरवाडीला आलेल्या जावयासारख्या ऐसपैस पसरल्या होत्या.

“निळ्या ठिपक्यांच्या कुणी केल्या?”

“मी.”

“मी काय सांगितलं होतं?”

“भाडेकरू काढायला सांगितलंत, सर. तुमच्या साबणाने भिंतीपण गेल्या.”

सरांनी जुन्या पेशींचा अंश दोनदा मोजून पाहिला. चारही जाळ्यांत नावापुरताच होता. मग ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पाहुण्यांसमोर त्यांनी त्याच चार जाळ्या ठेवल्या आणि “आमच्या गटाने विचारपूर्वक निवडलेली पद्धत” असं सांगितलं. मागे उभ्या ताईला मोठ्ठा ठसका लागला. सर घुटमळले आणि म्हणाले, “म्हणजे, ताईंनी निवडलेली.”

तिने ती पद्धत एका पानावर लिहून दिली. सरांना ती फार साधी वाटली. “मग कळेल तरी लोकांना,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षी त्या जाळ्या नऊ सशांच्या जखमांवर लागल्या. सात जखमा भरल्या, दोन चिघळल्या. त्या दोन सशांपायी ती आठवडाभर सरांशी बोलली नाही. सर सांगत फिरले, त्या आठवड्यात कधी नव्हे इतकं काम उरकलं.