दोन जावा, दोन गोळ्या

ऊर्जानगरहून पुतणीचा फोन आला तेव्हा मी अंगणात मासोळ्या साफ करत होते. "काकू, आई गेली," एवढंच ती बोलली. हात तसेच खवल्यांनी भरलेले राहिले... ती माझी थोरली जाऊ. मी तिला बाई म्हणायची. लेकीकडे चार दिवस राहायला गेली होती, सकाळी चहा पिता पिता गेली.

लग्न होऊन पोंभुर्ण्याजवळच्या या गावात आले तेव्हा परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नसे. बाजारात भावसुद्धा बाईच विचारायची. पुढे दोघींनाही शुगर निघाली, तिला आधी, मला नंतर. दवाखान्यातून मला मोठी पांढरी गोळी मिळाली. ती घेतली की पोटात ढवळायचं, सारखं बाहेर पळावं लागायचं. दिवस धानाच्या रोवण्याचे. चिखलात ओळीनं उभ्या असलेल्या बायांमधून किती वेळा उठून जायचं? रोवणं सोडायची पाळी आली. पण डॉक्टर पुरुषमाणूस, त्यांना हे सांगायचं कसं...

बाईला माझी दया आली. "माह्यी गोळी घे वं. बारीक हाय, पोटाले काईच करत नाई," म्हणाली. आमच्यात मीठ, तेल, मासोळी सगळं वाटून खायची रीत, गोळीही तशीच वाटली. बाई घरी असायची, गोळी घेतली की लगेच जेवायची. मी मात्र घेतली आणि उपाशीच रोवायला गेले. आमच्याकडे आधी रोवणं, मग दुपारी बांधावर भाकर. ऊन चढलं तसे हात थरथरले, घाम सुटला आणि मी चिखलातच बसले. बायांनी ओढून बांधावर नेलं, चहाची साखर पाण्यात कालवून पाजली, तेव्हा डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी बाईनं मला दवाखान्यात नेलं. दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. "साहेब, माह्यी गोळी म्याच हिले देली. बोलाचं त मले बोला. अन हिचं पोट बिघडते, लाजते म्हणून सांगत नाई. साऱ्या गावाचं लाजणं देवानं हिलेच देलं!" मी पदरात तोंड लपवलं. डॉक्टर हसले, मग नीट सांगितलं. बारीक गोळीवर लगेच खावं लागतं, नाहीतर साखर फार उतरते. मोठी एकटीच घेतली तर सहसा तसं होत नाही, पण सुरुवातीला पोटाला त्रास देते. एक चांगली, एक वाईट असं नसतं. ज्याचं त्याचं अंग, काम, जेवायची वेळ पाहून गोळी ठरते, एकीची दुसरीनं घ्यायची नाही. मला मोठीच ठेवली, पण आधी अर्धी, जेवणानंतर, मग हळूहळू वाढवत. पोट थाऱ्यावर आलं. रोवणं सुटलं नाही.

परतताना बाई म्हणाली, "बोलत जाय वं. मी का जलमभर तुह्यासंग येऊन राह्यली?" पण आली, दर वेळी आली. आज अंगात बळ आहे ते तिच्यामुळे.

परवा पहिल्यांदाच दवाखान्यात एकटी गेले. आता तिथं नव्या डॉक्टर मॅडम आहेत. शेजारच्या स्टुलावर बाई बसायची. त्यावर मी पिशवी ठेवली नाही, मोकळंच ठेवलं. "काही त्रास?" मॅडमनी विचारलं. मी स्टुलाकडे पाहिलं... मग म्हटलं, "पायाची आग होते." त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "आणखी काही?"

"हो," मी म्हटलं, "आणखी हाय."