डावं इंजिन, उजवं इंजिन

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी केबलवर अंतराळयुद्धाची एक परदेशी मालिका लागत असे. घरी टीव्ही असूनही ती दाजींबरोबर बघायला मी सुरतेहून चलथाणला, बहिणीच्या सासरी जायचो. माझे दाजी साखर कारखान्यात बॉयलरवर होते. मी एका दैनिकाच्या कचेरीत उमेदवारी करत होतो. मालिकेच्या कथेत आम्हा दोघांनाही फारसा रस नव्हता. आम्ही इंजिनं बघायचो. मारा चुकवताना कोणतं इंजिन आधी पेटतं, मार बसल्यावर ज्वाळा निळी राहते की पिवळी पडते, हे मी वहीत टिपायचो. ज्वाळेचा रंग बघून हवा कमी पडतेय का हे ओळखणं दाजींचं रोजचं काम होतं. म्हणून नोंद माझी, निदान त्यांचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठवडा उरला असताना एका लढाईत मोठ्या यानाचं एक इंजिन पिवळं पडलं. मी लिहिलं, डावं.

"उजवं," दाजी म्हणाले. "हवा कमी पडतेय."

"डावं. मी डोळ्यांनी बघितलं."

"मग मी काय कानांनी बघितलं? तुम्ही पेपर छापा, साहेब. ज्वाळेचं आमच्यावर सोडा."

"ज्वाळा ओळखाल हो, पण बाजू? बॉयलरला कुठे डावं-उजवं असतं?"

खाटेवर बसलेले दाजींचे वडील मोठ्यानं हसले. दाजींनी टीव्ही बंद केला. मी जेवण न करता निघालो.

आम्ही मूळचे खानदेशातले. तिकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात. लेक स्वतःहून निघत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो. बहिणीची लग्नानंतरची ही पहिलीच आखाजी होती. आमचे वडील हयात नव्हते. जायचं ते मीच.

तिसऱ्या दिवशी चलथाणहून सुरतेला कामाला येणाऱ्या, दाजींच्या एका शेजाऱ्याबरोबर त्यांचा निरोप आला : "ज्याला डावं-उजवं कळत नाही, त्याच्याबरोबर बायको कशी पाठवू? तो तिला सुरतेऐवजी बारडोलीच्या बसमध्ये बसवेल."

मी आईला सांगितलं, मी जाणार नाही. अंगणातल्या कडुनिंबाला बांधायचा झोक्याचा दोर तिनं धुऊन वाळत घातला होता. तो संध्याकाळी तिनं काढला आणि गुंडाळून फळीवर ठेवून दिला.

आमचा केबलवाला कार्यक्रम कॅसेटवर उतरवून ठेवत असे. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्या भागाची कॅसेट आणि त्याचा व्हीसीआर घरी आणला. उद्देश सरळ होता : दाजींना चूक ठरवायचं. लढाई लागली, चित्र थांबवलं. पिवळं इंजिन डावंच होतं. मी वही उघडून खूण केली. कॅसेट पुढे गेली. दोन मिनिटांनी यान पुन्हा पाठीमागून दिसलं. या वेळी डावं निळं होतं आणि उजवं पिवळं.

आई शेजारी साड्यांचा ढीग घेऊन बसली होती. मार्केटमधून आलेल्या छापील साड्यांचे लोंबते धागे कापून घड्या घालायचं काम ती घरी करायची. प्रत्येक साडी हातात आली की ती आधी सुलट बाजू वर आहे ना ते बघायची. उलटी घडी गेली तर अख्खा गठ्ठा परत यायचा.

"मागे घे," ती म्हणाली. मी घेतलं. "आता पुढे." मी पुढे घेतलं.

"हाई एकच शे, भाऊ," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. "उलटं धरेल शे."

यानाच्या पाठीवर काळा डाग होता आणि त्याखाली इंग्रजी आकडे. पहिल्या चित्रात डाग डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. आकडेही उलटे. मालिकावाल्यांनी एकच तुकडा पालटून दोनदा वापरला होता. आईला ते आकडे वाचता येत नव्हते; तिनं नक्षी बघितली होती. आमच्या कचेरीत निगेटिव्ह उलटी लागून माणसाचा खिसा उजव्या छातीवर गेला की मी ओरडायचो. इथे मला दिसलं नव्हतं.

तिनं साडीचा एक छापील तुकडा माझ्या हातात ठेवला. "जावईले दाखाड."

दुपारी मी चलथाणला पोचलो. बहीण दारात होती. ती बाजूला झाली. मी तुकडा दाजींना दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो खिडकीशी धरला, एकदा सुलट, एकदा उलट.

"म्हणजे मी दुसरं चित्र बघितलं."

"आणि मी पहिलं."

"आणि इंजिन?"

"एकच. हवा कमी पडत होती."

"ते मी तेव्हाच म्हटलं होतं," दाजी म्हणाले आणि वडिलांकडे बघितलं. वडील हसले. या वेळी दाजीही हसले. "चहा टाक गं," त्यांनी आत हाक मारली.

"चहा नंतर," म्हणत बहीण भरलेली पिशवी घेऊनच बाहेर आली. "दोन दिवस झाले भरून ठेवलीय. तुमचं इंजिन दुरुस्त व्हायची वाट बघत होते."

दाजी हायवेच्या थांब्यापर्यंत आले. पहिली बस आली तसा त्यांनी माझा दंड धरला. "ही नाही, साहेब. ही बारडोलीची."

पुढची सुरतेची होती. आम्ही घरी पोचलो तेव्हा फळीवर दोर नव्हता. आई कडुनिंबाखाली उभी राहून झोक्याची गाठ ओढून बघत होती.