बेसिनमध्ये ओतलेली पावडर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. तुम्हाला सांगते — चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर लागलं तर वाचा.

माझी नात सई चार वर्षांची होती. तिला शी कडक व्हायची. एकदा दुखलं, तेव्हापासून भीतीनं दाबून धरायची — पडद्यामागे जाऊन, पाय आवळून, लालबुंद होऊन. चार-चार, पाच-पाच दिवस. इथं उत्तरेकडच्या हिंदी शहरात राहतो आम्ही; आमच्या खातीपुऱ्यातल्या डॉक्टरांनी पावडर दिली. रोज पाण्यातून, काही महिने. पोट साफ झालं तरी मनानं बंद करायची नाही, असं बजावलं.

सून अनुजा शहराच्या दुसऱ्या टोकाला, झालाना भागात ऑफिसला जाते. पावडर पाजायचं काम माझं. आणि मी काय केलं? रोज सकाळी अनुजाच्या देखत ग्लासात कालवली, आणि ती जिना उतरली की बेसिनमध्ये ओतली. एवढ्याशा पोराला औषधाची सवय लागेल, असं मला वाटायचं. तीन मुलं मी काळ्या मनुकांच्या पाण्यावर वाढवली, मला कोण शिकवणार? घमेंड होती — दुसरं काही नाही.

महिन्याभरात सईचं पोट दगडासारखं झालं. डॉक्टरांनी मलाच विचारलं, "माताजी, दवा रोज दे रही हैं ना?"

"जी," मी म्हणाले.

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोलले. एनिमा द्यावा लागला. दोन नर्सनी तिला धरलं. "आजी, इनको बोलो ना!" — आईला नाही, मला हाका मारत होती. बाहेर अनुजा भिंतीला टेकून रडली. "आई, माझंच चुकतंय. मीच बिस्किटं देते तिला." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो — हात फिरवला.

दुसऱ्या दिवसापासून पावडर पोरीच्या पोटात गेली. रोज, मापानं. जेवण झालं की पायांखाली पाट देऊन तिला दहा मिनिटं कमोडवर बसवायची, शेजारी आपण बसायचं, रागवायचं नाही — डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं. आता सई आतून ओरडते, "आजी, नहीं दुखा!"

अनुजा शेजारणींना सांगते, आईंमुळे झालं हे. वर्ष झालं, ऐकून घेतेय. ती अजून घरात बिस्किट आणत नाही.

आज सहाला ती येईल. चहा झाला की सांगणार आहे. पावडर, बेसिन, ते "जी" — सगळं. मग सईला माझ्याजवळ ठेवायचं की नाही, ते ती ठरवेल.