सिंगापूरला मी नॉर्वेचा चाकू आणायला गेले

"सिंगापूरला जाऊन चाकू आणणार?" हे मला शेजारणीने विचारलं, शाळेतल्या बाईंनी विचारलं, तिकिटं काढून देणाऱ्या एजंटने तर फिदीफिदी हसत विचारलं. नव्वदच्या दशकात सिंगापूरहून लोक कॅमेरे आणायचे, सेंटच्या बाटल्या आणायचे. मला चाकू हवा होता. पुरुषाने पोस्टाची तिकिटं जमवली तर तो छंद, आणि बाईने चाकू जमवले की "भाजी चिरायला का हो?" त्या "का हो"चा राग अजून गेलेला नाही.

या नादाला लावलं दादाने. तो जहाजावर इंजिनियर. फिनलंडच्या एका बंदरातून त्याने मला पुक्को, म्हणजे तिथला रोजच्या वापरातला चाकू, आणून दिला. तळहाताएवढं सरळ पातं, बर्च झाडाच्या सालीची मूठ, आणि मूठ अर्धी आत बसेल असं कातडी म्यान. त्यावर नक्षी नाही, रुबाब नाही. लाकूड तासायचं, मासा साफ करायचा, पाव कापायचा, सगळं त्यावरच. मी नाशिकला शाळेत हस्तकला शिकवायचे, मला पातं कळतं. त्या दिवसापासून उत्तरेकडचा प्रत्येक चाकू दादा माझ्यासाठी आणत गेला.

पुढे दादा सिंगापूरच्या एका शिपयार्डात लागला आणि बुकित बातोकला राहू लागला. त्याचा जुना साहेब, नॉर्वेचा एक चीफ इंजिनियर, तिथेच निवृत्त झाला होता आणि आता कायमचा मायदेशी निघाला होता. त्याच्याकडे आजोबांचा चाकू होता आणि मूलबाळ नव्हतं. माझ्या नादाबद्दल दादाकडून ऐकून त्याने निरोप दिला, "तुझ्या बहिणीला पाठव. आमच्या घरात हा चाकू हातातून हातात जातो. पोस्टाने जात नाही, आणि तुझ्याजवळही देणार नाही." बांगड्यांसाठी ठेवलेले पैसे मी विमानाच्या तिकिटात घातले.

पहिला दिवस घामात आणि झोपेत गेला. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या मॉलमध्ये "नॉर्वे" अशी पाटी दिसली म्हणून धावत आत शिरले. काचेत चकचकीत चाकू, पात्याला करवतीचे दात, मूठ प्लास्टिकची आणि तिच्यावर लाकडाच्या रेषा छापलेल्या! मी दुकानदाराला विचारलं, "हा नॉर्वेचा?"

"Same same lah, auntie. This one never rust, better some more."

अंगाचा तिळपापड झाला. गंजत नाही हेच तर खोटेपणाचं लक्षण! खऱ्या पात्याला रोज पुसावं लागतं, तेल लावावं लागतं, नाहीतर ते रुसतं. हे मी त्याला हिंदी-इंग्रजी मिसळून सुनावलं. चाकू नको तर ही घ्या, म्हणून त्याने शांतपणे मला छत्री दाखवली.

संताप घेऊनच हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवायला बसले. शाकाहारी मंडळींनो, तिथे नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. सुक्या कोळंबीला तिथे कोणी मीट समजत नाही. हेही मला दोन घास खाल्ल्यावर कळलं.

तिसऱ्या दिवशी चीफकडे जायचं होतं. दादाची ड्यूटी, म्हणून वहिनी सोबत आली. जुरोंग ईस्टला गाडी बदलायची, मग थेट बेडोक, तिथून बस. एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, गार आणि स्वच्छ, तक्रारीला जागाच नाही, त्यामुळे मी वाटभर त्या दुकानदाराबद्दलच बोलत होते. वहिनी म्हणाली, "वन्सं, आता तिथे तरी शांत राहा हो."

चीफचं घर खोक्यांनी भरलेलं. उंच, वाकलेला, निळ्या डोळ्यांचा म्हातारा. त्याने कॉफी दिली आणि म्यानातून चाकू काढला. बर्चच्या गाठीची मूठ हाताळून मधासारखी झालेली, पातं धार लावून लावून झिजलेलं. तो उठून उभा राहिला, पातं स्वतःकडे धरलं आणि मूठ माझ्यापुढे केली.

मी हात पुढे केला, आणि वहिनी ओरडली, "वन्सं, हातात घेऊ नका! भांडणं होतात!"

माझा हात जागच्या जागी थांबला. लहानपणापासून आईने हेच सांगितलेलं, सुरी हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. हात आपोआप मागे आला. चीफचा चेहरा पडला. "You don't want it?"

"Want, want," वहिनी म्हणाली, "but put on table."

"In my family, never on a table," तो म्हणाला आणि चाकू म्यानात घातला.

हातातोंडाशी आलेला घास! मी वहिनीवर तुटून पडले. "तुला कोणी बोलायला सांगितलं होतं? समुद्र ओलांडून आले मी यासाठी!"

"मग तुमच्या भल्यासाठीच बोलले ना! त्यांचं-तुमचं वाकडं झालं असतं म्हणजे?"

"माझं-त्यांचं काय वाकडं होणार? ते चालले नॉर्वेला!"

आवाज चढत गेले. खोक्यांच्या मधोमध आम्ही दोघी नणंद-भावजय, आणि तो बिचारा कॉफीचा कप धरून उभा. शेवटी वहिनी त्याच्याकडे वळली. "See, mister? Not even given, already quarrel! If given, how?"

तो आधी गोंधळला, मग खोक्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मला हसू येत नव्हतं, हे नमूद करते. डोळे पुसून त्याने चाकू पुन्हा काढला, आपला तळवा टेबलावर उताणा टेकवला आणि चाकू तळव्यावर ठेवला. हात टेबलावर, चाकू हातात. वहिनीकडे बघून म्हणाला, "Okay, madam?"

वहिनीने मान डोलावली. मी चाकू उचलला. त्याचा तळवा मात्र थोडा वेळ तसाच रिकामा टेबलावर राहिला.

तुम्ही असं काही आणणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत, तेलाचं बोट फिरवून, कापडात गुंडाळून आणा. मुंबईला कस्टमवाल्याने विचारलंच, "भाजी चिरायला का?" मी बॅगेची चेन ओढली आणि चालू लागले.

दादा आता नाही. वहिनी नाशिकला माझ्याकडेच असते. कपाटातले बाकीचे चाकू तिला दिसत नाहीत. सरबत करायचं असलं की "तो म्हाताऱ्याचा आणा" म्हणते. लिंबासाठी! त्या पात्यावर लिंबाचा रस म्हणजे काळे डाग, हे मी तिला हजारदा सांगितलंय. आजही सकाळी सांगितलं, चांगलं तणतणत सांगितलं. मला वन्सं म्हणणारं तेवढं एकच माणूस आता उरलंय. तणतणतच मी कपाट उघडलं, तळवा ओट्यावर टेकवला, चाकू तळव्यावर ठेवला आणि तिने तो उचलला.