टॉवेलामागची गौरजा

कट्टा गावच्या बाजारात विश्रामच्या व्हिडिओ शूटिंगच्या गोष्टी अजून चहाबरोबर निघतात. मसुऱ्याच्या एका लग्नात तर पठ्ठ्याने नवरा समजून नवऱ्याच्या जुळ्या भावावरच कॅमेरा धरून ठेवला होता! कॅसेट बघून नवरी रडली आणि सासू म्हणाली, "ह्योच बरो दिसता गो."

त्या ढीगभर कॅसेटींत एक माणूस मात्र कुठेच नाही. त्याची बायको गौरजा. शूटिंगला दिवा धरायला तीच जायची, आणि दिवा धरणारी चित्रात येणार कशी? ती वारली तेव्हा भिंतीवर लावायला मिळाला तो मतदार कार्डावरचा फोटो. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते.

एका कॅसेटीत तेवढी ती राहून गेली होती. चित्रात रंग बरोबर यावेत म्हणून काम सुरू करण्याआधी कॅमेऱ्याला पांढरा रंग दाखवावा लागे. गौरजा पांढरा टॉवेल तोंडासमोर धरून उभी राही आणि मागून विचारी, "झाला काय वो?"

"वायच थांब गो. अजून नाय."

मग टॉवेल खाली करून ती हसायची. हा तुकडा विश्राम दर वेळी पुसून त्यावरच लग्न घ्यायचा. एकदाच विसरला. ती कॅसेट त्याने दमट हवेपासून जपायला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती, पण लावून बघायला चालू मशीन जिल्ह्यात राहिलं नव्हतं.

अशात भावाचा नातू सिद्धेश शहरातून एक जुनं चालू मशीन घेऊन आला. त्याला भुताची फिल्म काढायची होती, तीही जुन्या कॅसेटीची.

"आताच्या कॅमेऱ्यात सगळा लख्ख दिसता, आबा. भीती बसतली खंय? कॅसेटीत चित्र थरथरला काय लोकांका वाटता, ह्या खराच घडला."

"माका तिचा तोंड साफ करून दी," विश्राम डब्यातली कॅसेट त्याच्या हातात देत म्हणाला, "मगे होयी तितकी भुतां काढ."

फिल्म शाळेच्या हॉलात दाखवली. विश्राम इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला. पडद्यावर रेघा नाचल्या, खरखर झाली आणि माडाखाली उभी गौरजा दिसली. हातात टॉवेल. "झाला काय वो?" आवाज ओढला गेलेला, घोगरा. मागे बाया किंचाळल्या. एकीने तर शेजारणीचा दंडच ओरबाडला. टॉवेल कपाळापर्यंत उतरला, केसांचा भांग दिसला, आणि पडदा काळा झाला.

टाळ्या वाजत होत्या. विश्रामने सिद्धेशचा हात धरला.

"तिचा तोंड खंय रे?"

"तोंड दाखवला तर कोण भियातलो, आबा?"

"पण फुडला आसा मां तुझ्याकडे?"

सिद्धेशने खाली बघत सांगून टाकलं. टेपेला बुरशी होती. मशिनीत ती अडकली आणि तुटली. हवं होतं तेवढंच त्याने आधी उतरवून घेतलं होतं.

घरी जाऊन विश्रामने सदरा काढून घडी करून ठेवला.

आता फिल्म त्याच्या मोबाईलमध्ये आहे. बाजारातली पोरं टॉवेल तोंडावर धरून एकमेकांना भिववतात, "झाला काय वो?" विश्राम रागावत नाही. दुपारी जेवल्यावर तो पडवीत बसून फिल्म लावतो. गौरजा विचारते. टॉवेल हलायच्या आत तो अंगठ्याने चित्र थांबवतो.

"वायच थांब गो," म्हणतो. "अजून नाय."